फाल्ट्समधील द्राक्षगावे कशी पाहावीत

जर्मनीत वाईनचे अधिकृत प्रदेश १३ आहेत आणि सहलीचा आराखडा आखताना त्यांपैकी चार-पाच एकाच आठवड्यात उरकण्याचा मोह बहुतेकांना होतो. तो टाळावा. या गावांचे खरे जीवन संध्याकाळी, दुकाने बंद झाल्यावर आणि पर्यटकांच्या बसगाड्या परतल्यावर सुरू होते. त्यामुळे मुक्काम न करणाऱ्याला केवळ लाकडी चौकटींची सुबक घरे दिसतात, गाव दिसत नाही. पहिल्या खेपेस एकच प्रदेश आणि त्यातील एकच गाव निवडून तेथे किमान चार रात्री राहावे. माझी निवड नैर्ऋत्येकडील फाल्ट्स प्रदेशातील डाइडेसहाइम ही राहील, आणि पुढील सूचना मुख्यतः त्याच परिसराला धरून आहेत.

फ्रँकफर्ट विमानतळावरून जलद गाडीने मानहाइम आणि तेथून उपनगरी गाडीने नॉयश्टाट गाठता येते. नॉयश्टाटहून बाड ड्युर्कहाइमकडे जाणारी छोटी लोकल डाइडेसहाइम आणि वाखेनहाइम या गावांवरूनच जाते. मोटार भाड्याने घेण्याची गरज नाही, किंबहुना घेऊ नयेच. रक्तातील मद्याची कायदेशीर मर्यादा प्रौढ चालकांसाठी ०.५ प्रति हजार इतकी कमी आहे आणि नवशिक्या चालकांसाठी ती शून्य आहे. गावागावांतील अंतर मोजके असून द्राक्षबागांमधील पायवाटा सपाट आहेत. एका गावातून चालत निघून पुढच्या गावातून लोकलने परतणे हा सर्वांत सोयीचा दिनक्रम ठरतो.

या गावांना जोडणारा ‘जर्मन वाईन मार्ग’ सुमारे ८५ किलोमीटरचा असून तो बोकेनहाइमपासून फ्रेंच सीमेवरील श्वायगेनपर्यंत जातो. माहितीपत्रकांत तो जुन्या परंपरेसारखा रंगवला जातो. प्रत्यक्षात १९३५ साली, भरघोस पिकामुळे वाईन पडून राहिली असताना, नाझी राजवटीच्या प्रांतप्रमुखाने विक्री वाढवण्यासाठी तो जाहीर केला. या व्यापारात मोठा वाटा असलेल्या ज्यू व्यापाऱ्यांना त्याच काळात व्यवसायातून हुसकावले जात होते, हेही ठाऊक असावे. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी हा मार्ग मोटारींना बंद ठेवून सायकलस्वार आणि पादचाऱ्यांसाठी मोकळा केला जातो.

मुक्कामाची तारीख ठरवताना हवामानापेक्षा गावाचे पंचांग पाहावे. डाइडेसहाइमची सर्वांत अस्सल परंपरा म्हणजे बोकडाचा लिलाव. डोंगराआडच्या लाम्ब्रेख्ट गावाला डाइडेसहाइमच्या जंगलात जनावरे चारण्याचा हक्क होता आणि त्याची चराई म्हणून दरवर्षी एक बोकड देण्याची प्रथा होती. तिचा लेखी पुरावा १४०४ सालापर्यंत मागे जातो. बोकड चांगला शिंगांचा आणि वंशवृद्धीस समर्थ असावा, अशी अट आहे. आजही लाम्ब्रेख्टचे लोक तो जंगलवाटेने चालवत आणतात आणि जुन्या नगरभवनाच्या बाहेरील जिन्यावर संध्याकाळी त्याचा लिलाव होतो. हा दिवस पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतरच्या मंगळवारी, म्हणजे ईस्टरच्या रविवारनंतर ५१ व्या दिवशी येतो. कॅलेंडरवर मोजून तारीख काढावी आणि खोली काही महिने आधीच राखून ठेवावी. चराईवरून दोन गावांत शतकानुशतके चाललेले वाद ज्यांनी आपल्याकडे पाहिले आहेत, त्यांना या सोहळ्यातील चढाओढ समजावून सांगावी लागणार नाही.

सप्टेंबरमध्ये जाणाऱ्यांनी बाड ड्युर्कहाइमचा वुर्स्टमार्क्ट पाहावा. नावात ‘सॉसेज बाजार’ असला तरी हा जगातील सर्वांत मोठा वाईन महोत्सव मानला जातो. त्याचे मूळ मात्र जत्रेचे आहे: जवळच्या टेकडीवरील संत मायकेलच्या देवळाला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी शेतकरी हातगाड्यांवरून वाईन आणि खाद्यपदार्थ आणत. त्या हातगाड्यांची आठवण ठेवणारे छोटे तंबू आजही तेथे असतात, आणि आत लांबलचक, अरुंद बाकांवर अनोळखी माणसांच्या खांद्याला खांदा लावून बसावे लागते. पाळण्यांच्या आणि मोठ्या मंडपांच्या गोंगाटापेक्षा हेच तंबू गाठावेत, आणि शक्य असल्यास शनिवार-रविवार टाळून सोमवारी जावे. मैदानाशेजारी १९३४ साली बांधलेले १७ लाख लिटर क्षमतेचे अवाढव्य लाकडी पिंप दिसते. त्यात वाईन नसून उपाहारगृह आहे.

येथील पेला लक्षात ठेवण्याजोगा आहे. ‘डुबेग्लास’ नावाच्या या अर्ध्या लिटरच्या पेल्यावर बोटे बसतील असे गोल खळगे असतात. चरबीने माखलेल्या खाटिकांच्या हातांतून तो निसटू नये म्हणून ते केले, अशी आख्यायिका सांगतात. त्यात बहुधा शोर्ले, म्हणजे सोडा मिसळलेली वाईन असते, मात्र सोडा फाल्ट्सच्या हाताने घातलेला, म्हणजे नावापुरता. हा पेला मेजावर एकाकडून दुसऱ्याकडे फिरतो. तो पुढे आला तर घोट घेऊन पुढे द्यावा, आणि पुढचा पेला आपण भरून आणावा. उष्टे चालत नसेल तर स्मितहास्य करून स्वतंत्र पेला मागावा. कोणी वाईट वाटून घेत नाही.

उत्सव नसतानाही गावाचा स्वभाव कळण्याची हक्काची जागा म्हणजे श्ट्राउसविर्टशाफ्ट. द्राक्षबागायतदाराने आपल्याच अंगणात, कोठारात किंवा ओसरीवर काही काळापुरती थाटलेली ही खाणावळ असते. तिला उपाहारगृहाचा परवाना लागत नाही, परंतु त्या बदल्यात नियम कडक आहेत: वर्षातून जास्तीत जास्त चार महिने, जास्तीत जास्त ४० आसने, केवळ स्वतःची वाईन आणि साधे जेवण. ती उघडी असल्याची खूण म्हणून दारावर डहाळ्यांची जुडी लावतात. व्युर्टेमबेर्ग या दुसऱ्या वाईन प्रदेशात त्याच कामासाठी झाडू टांगतात, म्हणून तेथे तिला ‘झाडू-खाणावळ’ असे नाव पडले आहे. वेळापत्रक घरच्या कामांप्रमाणे बदलते, त्यामुळे आदल्या दिवशी मुक्कामाच्या घरमालकिणीला विचारणे सर्वांत खात्रीचे. रोख रक्कम जवळ ठेवावी. रिकामे मेज शोधत उभे न राहता बसलेल्यांना ‘इस्ट हिअर नॉख फ्राय?’, म्हणजे ‘येथे जागा आहे का?’ असे विचारून बसावे. पेला भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहून ‘त्सुम वोल’, म्हणजे ‘तुमच्या आरोग्यासाठी’, असे म्हणावे.

शाकाहारी व्यक्तीने सावध राहावे. शरद ऋतूत मिळणाऱ्या ‘त्स्वीबेलकुखेन’ या कांदा घालून भाजलेल्या पदार्थात डुकराच्या मांसाचे तुकडे सर्रास असतात, तेव्हा ‘ओने श्पेक’, म्हणजे ‘डुकराच्या मांसाविना’, असे स्पष्ट सांगावे. उकडलेले बटाटे आणि चक्क्याच्या जातीचे मऊ चीज हा येथील जुना, पोटभरीचा आणि निर्धोक पदार्थ आहे. न पिणाऱ्यांनी संकोच करू नये. बागेतल्याच द्राक्षांचा रस, ‘ट्राउबेनझाफ्ट’, बहुतेक ठिकाणी मिळतो.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रस्त्याकडेला विकली जाणारी, अजून आंबत असलेली गढूळ नवी वाईन अवश्य चाखावी, पण तिच्या गोडीवर विश्वास ठेवू नये. ती सरबतासारखी लागते आणि नंतर चढते. आतला वायू बाहेर पडावा म्हणून तिचे बूच घट्ट बसवलेले नसते. बाटली उभीच न्यावी, आडवी ठेवल्यास पिशवी भिजते. याच हंगामात बागांतील काही वाटा बंद असतात, आणि वाटेवरच्या वेलीचा एक घडही तोडणे ही चोरीच समजली जाते.

वाईन घराण्याच्या तळघरात चव घ्यायची असेल तर आधी दूरध्वनी करावा, कोरडी, म्हणजे गोड नसलेली, वाईन हवी असल्यास ‘ट्रोकेन’ हा शब्द वापरावा, आणि तोंडातली वाईन ठेवलेल्या भांड्यात थुंकण्यात कमीपणा मानू नये. सुरुवात रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षाच्या वाईनने करावी. निघताना एक-दोन बाटल्या विकत घेणे शिष्टसंमत आहे. भारतात परतणाऱ्याला मात्र दोन लिटरपर्यंतच मद्य शुल्कमुक्त आणता येते. नेहमीच्या ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या त्यात बसतात, तिसरी बसत नाही. ती तेथेच, शेवटच्या संध्याकाळी, मेजावरच्या शेजाऱ्यांबरोबर संपवावी.