अंदमानची सहल संपताना या चुका टाळा

अंदमानला जायच्या आधी लोक फार अभ्यास करतात. कुठलं हॉटेल, कुठला बीच, काचेच्या तळाची बोट घ्यावी की नको, सगळं चार-चारदा विचारून होतं. परतीच्या दोन दिवसांबद्दल मात्र कोणी एक शब्द विचारत नाही. "ते काय, परतच तर यायचंय." आणि घोळ नेमका तिथेच होतो. मी ठाण्याच्या नौपाड्यात बसून लोकांच्या सहली लावून देतो, कधीकधी ग्रुपबरोबर स्वतःही जातो. दर हिवाळ्यात त्याच चुका नव्या माणसांकडून होताना बघून कंटाळा आला, म्हणून हे लिहितोय.

आधी एक खुलासा. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय, आणि हॅवलॉक-नील ही डिसेंबर २०१८ पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप आहेत. तिकिटावर यातलं कुठलंही नाव दिसेल, घाबरू नका. मी इथे जुनीच वापरतोय, कारण फोनवर सगळे तीच विचारतात.

शेवटची रात्र हॅवलॉकला किंवा नीलला

ही माझी सगळ्यात नावडती चूक. विमान पोर्ट ब्लेअरहून सुटतं. हॅवलॉक आणि नीलहून तिथे यायला बोट लागते, आणि बोटीला समुद्र शांत लागतो. हा हिशोब दुसरीतल्या मुलालाही समजेल. पण राधानगर बीचवर संध्याकाळी पाण्यात पाय सोडून बसलं की भल्याभल्यांना वाटतं, अजून एक रात्र इथेच राहू, सकाळच्या बोटीने निघू आणि दुपारचं विमान पकडू.

बोट वेळेवर सुटली तर दीड ते अडीच तासांत पोर्ट ब्लेअर येतं, हे खरं. पण वारा वाढला की बंदरातून बोटी सोडत नाहीत, आणि त्यांनी सोडूही नयेत. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे आणि वादळं तयार होण्याचा काळ, आणि आपली दिवाळीची सुट्टी बरोबर त्यातच येते. डिसेंबर २०१६ मध्ये अशाच हवेत हॅवलॉक आणि नीलवर हजारावर पर्यटक अडकले होते, त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. तेवढं टोक दरवेळी गाठलं जात नाही. पण एखादी फेरी रद्द होणं, सकाळची दुपारवर जाणं, हे तिथे नेहमीचंच आहे.

मागे पाचपाखाडीचं एक कुटुंब होतं. नवरा-बायको, दोन मुलं आणि आजोबा. सहल त्यांनी स्वतःच आखली होती, माझ्याकडून फक्त विमानाची तिकिटं घेतली. बेत असा की उतरल्या दिवशीच दुपारच्या बोटीने थेट हॅवलॉक, मग नील, आणि सेल्युलर जेल शेवटच्या दिवशी. "शेवटी शांतपणे बघू, काका." मी म्हटलं, अहो, जेल पहिल्या दिवशी करा, आजोबा त्याच्यासाठीच येतायत ना? "आम्ही सगळं यूट्यूबवर बघितलंय." झालं.

आजोबांचं लहानपण खारकर आळीत गेलेलं, ठाण्याच्या तुरुंगाच्या शेजारी. सावरकरांना १९११ मध्ये अंदमानला नेलं, त्याआधी काही दिवस त्यांना या आपल्या ठाण्याच्या तुरुंगात ठेवलं होतं. त्यामुळे ही भिंत बघितली, आता तिकडची कोठडी बघायची, हे आजोबांच्या डोक्यात कित्येक वर्षांपासून होतं. बीच वगैरे त्यांना मुलांसाठी चालणार होतं.

नीलहून निघायच्या दिवशी सकाळी वारा सुटला. सकाळची बोट रद्द. दुपारच्या बोटीसाठी जेट्टीवर सकाळच्या आणि दुपारच्या दोन्ही प्रवाशांची गर्दी. यांना जागा मिळाली खरी, पण पोर्ट ब्लेअरला पोहोचेपर्यंत अंधार झाला होता आणि जेल कधीच बंद झालं होतं. लाइट अँड साउंड शोची तिकिटंही संपलेली. दुसऱ्या दिवशी विमान इतक्या सकाळी की जेल उघडायच्या आत हे सामान तपासणीच्या रांगेत. मुलाने टॅक्सी जेलवरून घ्यायला लावली, म्हणजे निदान बाहेरून तरी दिसेल. आजोबा टॅक्सीतून उतरलेच नाहीत. विमानतळावर पोहोचल्यावर मुलाला एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी मी माझ्या पेन्शनवर येईन. एकटा." आणि खरंच, पुढच्या हिवाळ्यात एका मित्राला घेऊन गेले. ते बुकिंग मीच केलं. उतरल्या दिवशी दुपारी जेल, तिसऱ्या मजल्यावरची ती कोठडी, संध्याकाळी शो. दुसऱ्या दिवशी मला फोन करून म्हणाले, "आता उरलेले दिवस काय करायचं ते तुम्ही सांगा."

तेव्हा माझा रिवाज ठरलेला आहे. जेल पहिल्याच दिवशी. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला, आणि बोट आदल्या दिवशीची सकाळची, दुपारची नाही. म्हणजे सकाळची रद्द झाली तरी हातात दुपार आणि संध्याकाळ राहते. यावर गिऱ्हाईक म्हणतं, एक अख्खा दिवस फुकट जातो. फुकट कुठे जातो? रॉस आयलंड आहे, सागरिका एम्पोरियम आहे, अबर्डीन बाजारात निवांत फिरता येतं. आणि एखादी दुपार हॉटेलात झोपून काढली तर कोणी दंड लावत नाही.

'उरलंय ते' स्कूबा

पहिल्या दिवशी भीती वाटते, दुसऱ्या दिवशी केस धुतलेले असतात, तिसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतल्यांचे पाण्याखालचे फोटो बघितले जातात आणि चौथ्या दिवशी, म्हणजे निघायच्या आदल्या दुपारी, सगळं कुटुंब स्कूबाच्या रांगेत.

पाण्याखाली दाबाची हवा घेताना अंगात नायट्रोजन जास्त मुरतो. वर आल्यावर तो हळूहळू श्वासावाटे बाहेर पडतो, पण त्याला वेळ लागतो. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच ठेवलेला असतो, म्हणजे आपण कळसूबाईच्या शिखरापेक्षाही वर बसलेलो असतो. दाब असा एकदम कमी झाला की मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यासारखे, फक्त हे सांध्यांत आणि नसांत. डायव्हिंगमधला सर्वमान्य सल्ला असा की साधी एकच डाइव्ह असेल तर विमानाआधी किमान १२ तास जाऊ द्यावेत, आणि एकाहून जास्त डाइव्ह किंवा लागोपाठ दिवस असतील तर किमान १८. मी घड्याळ लावून बसत नाही. माझ्या ग्रुपला सरळ एक पूर्ण दिवस, चोवीस तास. पटत नसेल तर स्कूबा करू नका, स्नॉर्केलिंग करा, त्यात टाकीची हवा नसते.

"आम्ही तर दहाच मीटर गेलो होतो", "आमच्या मेहुण्याने सकाळी केलं आणि दुपारी उडाला, काही झालं नाही". मेहुण्याला काही झालं नाही याचा मला आनंद आहे. आणि हो, डाइव्हच्या आधी जो फॉर्म भरून घेतात त्यात बीपी, दमा, सर्दी जे असेल ते खरं लिहा. नाही म्हणतील म्हणून लपवणारे मी बघितलेत, त्यात शिकलेलीच माणसं जास्त.

बॅगेतले शंख आणि पोवळी

याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. कारण हे कुणाला माहीत नसतं असं नाही. जेट्टीवर, बीचवर, विमानतळावर पाट्या असतात, गाइड सांगतो, मी सांगतो. तरी शेवटच्या दिवशी खिशात चार तुकडे येतातच.

ऐरोलीची एक ताई, सोबत आठ वर्षांचा मुलगा. काळापत्थर बीचवर तो रोज सकाळी पांढरे पोवळ्याचे तुकडे गोळा करायचा. मी दोनदा टाकायला लावले. ताईंनी तिसऱ्यांदा ते खेळण्यांच्या पिशवीत घातले आणि पिशवी मोठ्या बॅगेच्या तळाशी. विमानतळावर एक्स-रेमध्ये ते दिसले. बॅग उघडा. मग सगळ्यांसमोर ओले टॉवेल, लोणच्याची बरणी, औषधं, एकेक बाहेर. ताईंचे यजमान वाद घालायला लागले. "मेलेलं आहे हो, वाळूत पडलं होतं, आम्ही काही तोडलं नाही." तपासणाऱ्याने शांतपणे सांगितलं की पोवळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं, जिवंत असो की मेलेलं. म्हणजे कायद्याने वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. सुदैवाने तुकडे ठेवून घेऊन समज देण्यावर भागलं. पण आमचा ग्रुप शेवटून पहिला विमानात चढला, आणि मुलगा चेन्नईपर्यंत रडत होता. त्याचा काय दोष? त्याला कोणी नाही म्हणालंच नव्हतं, म्हणजे आईने.

ते तुकडे तिथे निरुपयोगी पडलेले नसतात. किनाऱ्यावरची पांढरी वाळू बऱ्याच अंशी पोवळ्यांचाच चुरा असतो, आणि त्यातला बराचसा पॅरटफिश पोवळी चावून तयार करतात. रिकामे शंख शंखखेकड्यांची घरं असतात. संध्याकाळी वाळूवर जरा वेळ बसा, एखादा शंख चालू लागलेला दिसेलच.

आता मी शेवटच्या बेटावरून निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांना किनाऱ्यावरच उभं करतो आणि खिसे, बादल्या, चपलांच्या पिशव्या झाडायला लावतो. मोठ्यांनाही. लोक हसतात, हसू देत. शिंपल्याच्या वस्तू घ्यायच्याच असतील तर सागरिकासारख्या सरकारी दुकानातून घ्या, आणि बिल हातातल्या पर्समध्ये ठेवा, चेक-इन बॅगेत नाही.

बाकीच्या, पटापट

शेवटच्या दिवशी बाराटांग बेट करू नका. मध्यरात्रीनंतर उठावं लागतं, जिरकाटांगच्या नाक्यापासून गाड्या ताफ्यानेच सोडतात आणि परतीचा ताफा चुकला की पुढच्याची वाट बघत बसायचं. वाटेत जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, तिथे फोटो काढायचा नाही, गाडी थांबवायची नाही, बिस्किटं द्यायची नाहीत. हे सांगावं लागतं याचंच मला वाईट वाटतं.

चिडिया टापूचा सूर्यास्त बघायला पाच वाजता निघू नका. घड्याळ तेच असलं तरी अंदमान आपल्या बरंच पूर्वेला आहे, डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडालेला असतो.

नीलचा नॅचरल ब्रिज ओहोटीलाच बघता येतो. वेळ हॉटेलवाल्याला विचारा, गूगलला नाही.

शेवटच्या दिवशी टी-शर्ट न घालता स्नॉर्केलिंग केलंत की विमानात पाठ टेकता येत नाही. वाळूतल्या माश्या चावल्या असतील तर खाज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते, तेव्हा खाजवू नका.

बोर्डिंग पास आणि बोटीचं तिकीट आदल्या रात्री फोनमध्ये उतरवून ठेवा. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून नेटवर्क पुष्कळ सुधारलं, तरी जेट्टीवर नेमक्या वेळी ते दगा देतं. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. ओले कपडे कोरड्यांबरोबर कोंबू नका, घरी पोहोचल्यावर वास सगळ्या बॅगेला.

स्वस्तातलं परतीचं तिकीट

थेट विमान मिळालं नाही तर चेन्नई, कोलकाता किंवा बंगळुरूला बदलावं लागतं. मग मोबाईलवर बोटं फिरवून कोणीतरी शोधून काढतं की दोन वेगळी तिकिटं काढली तर हजार-दोन हजार वाचतात. वाचतात. पण पीएनआर, म्हणजे बुकिंग नंबर, वेगळे असतील तर पहिलं विमान उशिरा आल्याचं दुसऱ्या कंपनीला काही देणंघेणं नसतं. सामानही बहुतेक वेळा बाहेर येऊन घ्यायचं आणि पुन्हा चेक-इन करायचं. मधे दीड तास ठेवणाऱ्यांना मी हात जोडतो. एकाच पीएनआरवर काढा, नाहीतर मधे किमान पाच तास ठेवा आणि विमानतळावर इडली खात बसा.

आणि तिकिटावर कुठे उतरणार ते वाचा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही विमानं सुटतात आणि उतरतात. बुकिंग करताना दोन्ही पर्याय एकाखाली एक दिसतात आणि घाईत स्वस्तवालं दाबलं जातं. नेरूळ-बेलापूरवाल्यांना नवी मुंबई उत्तम. घोडबंदर रोडवाल्यांनी आधी नकाशात अंतर बघावं. नेरूळच्याच एका वहिनींनी जाताना गाडी अंधेरीच्या टर्मिनल दोनच्या पार्किंगमध्ये लावली होती. परतीला उतरल्या नवी मुंबईला, घरापासून अगदी जवळ, आणि गाडी अंधेरीत. रिक्षाने घरी गेल्या, दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून गाडी आणली. पार्किंगचं बिल किती झालं ते अजून सांगत नाहीत.