पाटीवरचा १५ नेमका कोणाचा?

दर ऑगस्ट-सप्टेंबरात आमच्या कॉम्प्लेक्समध्ये दोन-चार नवी मराठी बिऱ्हाडं येतात. बँक, शाळा, लायसन्स हे सगळं ती एकमेकांना विचारून उरकतात. मग एक दिवस कचरा टाकायला निघालेल्या मला थांबवून कुणीतरी विचारतं, "काकू, इथे आत ताशी १५ मैलांची पाटी आहे, पण पोलीस आत येऊन पकडतात का हो?" प्रश्न हळू आवाजात येतो, तेव्हाच कळतं की गाडी काही १५ने चालत नाहीये.

मला न्यू जर्सीत येऊन एकवीस वर्षं झाली, त्यातली सहा घरमालकांच्या असोसिएशनच्या बोर्डावर गेली. त्यामुळे उत्तर ठाऊक आहे, पण ते एका वाक्यात मावत नाही. आधी पाटी कुणी लावली ते बघायचं, मग घाबरायचं की नाही ते ठरवायचं.

इथे वाहतुकीचे कायदे राज्यागणिक वेगळे. वेगमर्यादेचं कलम बहुतेक राज्यांत सार्वजनिक रस्त्यांसाठी लिहिलेलं असतं. टाउनहाउसच्या वस्तीतला रस्ता, मॉलसमोरचं पार्किंग, ऑफिसचं आवार ही कुणाची तरी खासगी मालमत्ता. मालक तिथे हवा तो आकडा रंगवू शकतो. रस्त्यांवरच्या पाट्यांसाठी देशभर एमयूटीसीडी नावाची नियमपुस्तिका आहे. तिच्याप्रमाणे वेगमर्यादा पाचाच्या पटीत लिहायची असते, पण पार्किंगमधल्या गल्ल्यांना ती लागू नाही. म्हणून तिथे ८, १२, १७ असे आकडे दिसतात, क्वचित साडेआठसुद्धा. असा विचित्र आकडा दिसला की ती पाटी बहुधा सरकारी नाही असं समजावं. लोकांनी निदान चमकून बघावं एवढ्यासाठी मालकानं तो आकडा निवडलेला असतो.

पण "खासगी म्हणजे कायदा नाही" असं धरून चाललात तर फसाल. मालकानं मागितलं तर कायदा आत येतो, आणि तो कसा येतो ते राज्यावर आहे. आमच्याकडे वाहतूक कायद्याला सगळे 'टायटल ३९' म्हणतात. असोसिएशननं गावाच्या क्लार्ककडे लेखी संमती दिली आणि गावानं ठराव केला की तो कायदा आतल्या रस्त्यांवरही चालतो. टेक्सासमध्ये वस्तीतल्या २५ टक्के घरमालकांच्या अर्जावर किंवा रस्ते सांभाळणाऱ्या संस्थेच्या विनंतीवर शहर तसं करू शकतं. फ्लोरिडात मालक आणि गाव किंवा काउंटी यांच्यात लेखी करार होतो, पोलिसांच्या बंदोबस्ताचा खर्च कोण देणार हेही त्यात येतं. कॅलिफोर्नियात शहरानं ठराव केला तर लोकांसाठी खुल्या असलेल्या खासगी पार्किंगमध्येही "परिस्थितीला साजेशा वेगानं चालवा" हे मूळ कलम लागतं. मात्र प्रत्येक प्रवेशापाशी किमान १७ बाय २२ इंचांची सूचना हवी. तेव्हा राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यात एवढंच करा: फाटकाशी गाडी उभी करून तिथली बारीक अक्षरांतली पाटी एकदा वाचा. पोलिसांचा किंवा कायद्याच्या कलमाचा उल्लेख असेल, तर आतला १५ हा बाहेरच्या २५इतकाच खरा.

आमच्याकडे तो खरा कसा झाला ते सांगते. टपालपेट्यांचा एक शेड आहे, वळणावरच. संध्याकाळी मुलं तिथे स्कूटर घेऊन जमतात. गाड्या सुसाट जातात अशी तक्रार प्रत्येक मीटिंगला यायची, आणि दोष नेहमी डिलिव्हरीवाल्यांच्या माथी. शेवटी आम्ही गावच्या पोलिसांकडून वेग दाखवणारा रडारचा फलक आठवडाभर मागून आणला. तो आकडे साठवूनही ठेवतो. सगळ्यात जास्त वेग निघाला सकाळी पावणेआठ ते सव्वाआठच्या दरम्यान. त्या वेळी डिलिव्हरीवाल्यांचं काळं कुत्रंही नसतं, आणि आमचा रस्ता कुठे पलीकडे निघत नाही. म्हणजे सगळे घरचेच, ट्रेन गाठायला निघालेले. तेव्हा तिथे असलेल्या बाराच्या पाटीपाशी ३१ हा आकडा लखलखताना मी स्वतः पाहिला, आणि ती गाडी आमच्याच गॅरेजमधून निघाली होती. त्या दिवशी नवरा जेवायला बसला तेव्हा मी काही बोलले नाही. पुढच्या मीटिंगला टायटल ३९च्या बाजूनं हात मात्र वर केला.

मग बाराची पाटी गेली, प्रमाणित मापाची १५ची आली. पाट्यांचा खर्च असोसिएशनच्याच गळ्यात पडला. आता तिथे २७नं सापडलात तर दंडाबरोबर लायसन्सवर दोन पॉइंट, म्हणजे नियमभंगाचे उणे गुण, चढतात, कारण न्यू जर्सीत मर्यादेपेक्षा १४ मैलांपर्यंत जास्त गेलं की दोन, १५ ते २९ जास्त असेल तर चार. पोलीस रोज येऊन बसतात का? नाही. वर्षातून चार-पाच वेळा. पण येतात.

आता कायदा आत आलेला नाही अशा जागेचं बघू. नवीन माणसाचा खरा गोंधळ तिथेच होतो.

तिथे जोर असतो तो कराराचा. तुम्ही भाड्यानं राहता, लीजवर सही केलीये, त्याला जोडून "कम्युनिटी रूल्स"ची आठ-दहा पानं आली होती. ती न वाचता तुम्ही आद्याक्षरं ठोकलीत. वेग, पार्किंग, पाहुण्यांच्या गाड्या हे सगळं त्या पानांत असतं. असोसिएशन दंड लावते तो घरमालकाला आणि घरमालक तो तुमच्याकडून वसूल करतो. तरी दंड लावायलाही रीत आहे. उदाहरणार्थ फ्लोरिडात १४ दिवसांची नोटीस आणि बोर्डाबाहेरच्या सभासदांच्या समितीपुढे म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय घरमालकांच्या संघाला दंड लावता येत नाही. आलेलं पत्र फेकू नका. सुनावणीला जा, व्यवस्थित कपडे घालून जा, आणि "सगळेच पळवतात" हे वाक्य घरी ठेवून जा. बोर्डावर बसून मी ते इतक्यांदा ऐकलंय की आता ते कबुलीजबाबासारखंच वाटतं.

पिवळा दिवा लावलेली सिक्युरिटीची गाडी मागे आली तर? तो पोलीस नव्हे, त्याचं तिकीट कोर्टात जात नाही आणि लायसन्सवर पॉइंट चढत नाहीत. पण म्हणून गाडी दामटू नका. इलिनॉयमध्ये लेक हॉलिडे नावाच्या वस्तीतल्या एका सभासदानं असं थांबवण्यालाच आव्हान दिलं होतं. २०१३मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की असोसिएशन स्वतःच्या रस्त्यावर आपल्या सभासदांना आपला वेगनियम लावू शकते आणि त्यासाठी तिचा रखवालदार गाडी थांबवू शकतो. तो निकाल त्या राज्यापुरता आहे, पण वारा कुठून वाहतो ते कळतं. काच खाली करा, घर नंबर सांगा, मोकळे व्हा. ऑफिसच्या आवारात तर वादच नको. तिथला गार्ड तुमच्या बॅजचा नंबर लिहून घेतो आणि ते कागद एचआरकडे जातात. विद्यापीठांचं प्रकरण उलटं आहे. कॅम्पस पोलीस बऱ्याच ठिकाणी पूर्ण अधिकाराचे खरे पोलीस असतात. ते गार्ड समजून त्यांच्याशी हुज्जत घालणारा एखादा नवा विद्यार्थी दर वर्षी निघतोच.

एक गोष्ट मात्र रस्ता कुणाचा हे न विचारता लागू होते, आणि व्हिसावर असलेल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. वेगमर्यादेचं कलम फाटकाबाहेर थांबलं तरी बेदरकारपणे चालवणं आणि दारू पिऊन चालवणं ही कलमं बहुतेक राज्यांत पार्किंगपर्यंत पोचतात. व्हर्जिनियात दुकानाच्या, शाळेच्या, चर्चच्या पार्किंगमधलं बेदरकार चालवणं थेट फौजदारी गुन्हा आहे, क्लास वन मिसडिमीनर, म्हणजे कमाल १२ महिने तुरुंग आणि २,५०० डॉलर दंड. बर्फ पडल्यावर रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी घसरवून गोल फिरवणारी पोरं यात सापडतात. पार्टीनंतर "फक्त दारातून गाडी हलवून ठेवतो" म्हणणारेही सापडतात, दुसऱ्या कलमाखाली. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात "कधी अटक झाली आहे का" असा सरळ प्रश्न असतो. आणि दारू पिऊन चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, खटला निकाली निघालेला नसला, तरी वकिलात पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करू शकते. २०१५पासून तसं धोरणच आहे. जागा खासगी होती ही सबब तिथे चालत नाही.

टक्कर झाली तर काय, हेही विचारतात. पार्किंगमधल्या बारीकसारीक धडकेसाठी पुष्कळ गावांत पोलीस येत नाहीत, आले तरी दोघांना कागद अदलाबदल करायला लावून जातात. दोष ठरवते इन्शुरन्स कंपनी. ढोबळमानानं जागेतून मागे घेणारी गाडी दोषी. गाड्यांच्या रांगांमधल्या गल्लीतून येणाऱ्यानं कडेच्या मोठ्या वाटेवरच्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. रिकाम्या जागांवरून तिरकं कापत जाणारा तर नेहमीच गोत्यात, कारण तो कुणाच्याच नजरेच्या टप्प्यात नसतो. आणि समोरच्यानं किंवा दुकानाच्या कॅमेऱ्यानं "हा जोरात होता" असं दाखवलं, तर पाटी सरकारी होती की खासगी हे कुणी विचारत नाही. १५ची पाटी तुम्हाला दिसली होती एवढं पुरतं. लगेच फोटो काढा, दोन्ही गाड्या हलवण्याआधी. दुकानात जाऊन मॅनेजरला त्याच दिवशी सांगा की कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवा, ते काही दिवसांत पुसलं जातं. उभ्या गाडीला तुमचा धक्का लागला आणि मालक सापडत नसेल, तर नाव-नंबराची चिठ्ठी वायपरखाली ठेवल्याशिवाय निघू नका. कॅलिफोर्नियात तसं निघून जाणं खासगी पार्किंगमध्येही गुन्हा आहे.

तुमच्याच दारासमोरून कुणी रोज भरधाव जात असेल तर रस्त्यात उभं राहून हात करू नका, आणि हार्डवेअरच्या दुकानातून रबरी गतिरोधक आणून स्वतः ठोकू तर मुळीच नका. त्यावरून कुणाची सायकल उलटली तर दावा तुमच्यावर येईल. मॅनेजमेंट कंपनीला ईमेल करा, तोंडी नको. वेळ, गाडीचा रंग, कोणत्या वळणावर, एवढं लिहा. पाच घरांनी वेगवेगळी ईमेलं पाठवली की विषय मीटिंगच्या यादीत येतो. एकानं पाच पाठवली तर त्याचं नाव लक्षात राहतं, विषय नाही.

मागायचंच असेल तर नीट मागा. पार्किंगमध्ये असतो तो बम्प: फूट-दोन फूट रुंद, तीन-चार इंच उंच, त्यावरून पाच मैलांनीच जाता येतं आणि तरी दाढा हलतात. रहिवासी रस्त्यावर हवा असतो तो हम्प: बारा-चौदा फूट लांब, तीन-चार इंचांचा सावकाश चढ, पंधरा-वीसनं गेलं तर गाडी नुसती हलकेच डोलते. मीटिंगमध्ये 'बम्प' म्हणालात की अँब्युलन्सचा, पाठदुखीचा आणि आवाजाचा मुद्दा निघतो आणि विषय बारगळतो. आमचा पहिला ठराव असाच पडला.

आमच्याकडे आता टपालपेट्यांपाशी बोल्टनं बसवलेला रबरी गतिरोधक आहे. थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला तो उचलून ठेवतात, नाहीतर बर्फ काढणाऱ्या गाडीचं पातं त्याला उखडून नेतं. परत बसतो एप्रिलमध्ये. मधले चार महिने त्या वळणावर फक्त बोल्टांची भोकं दिसतात, आणि दिवस लवकर मावळत असल्यानं मुलंही दिसत नाहीत.