पिकअपचं इंजिन: बदलायचं की बांधायचं?

मे महिन्यात मोहोळजवळ रेडिएटरचा पाइप फुटला. गठ्ठे वेळेत पोचवायचे म्हणून मी तापलेला पिकअप तसाच पुढे रेटला. चूक माझीच. सोलापुरात आल्यावर मिस्त्रींनी चालू इंजिनच्या ऑइलचं झाकण काढलं, तर आतून फक्‌फक् धूर. "पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिनावरचं हेडपण वाकलं असणार."

सेकंड हँड इंजिन सगळ्यात स्वस्त पडत होतं. बघायला गेलो तर जमिनीवर ठेवलेलं, चालवून दाखवायची सोय नाही, वर ताजा चंदेरी रंग. नंबरपाशी घासल्यासारखं वाटलं. मिस्त्री म्हणाले, "रंगाला भुलू नको बे." शिवाय इंजिन नंबर बदलला की आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, विकणाऱ्याकडे धड बिलही नव्हतं. कंपनीचा नवा हाफ ब्लॉक, म्हणजे पिस्टन-क्रँकसकट इंजिनाचा खालचा भाग, उत्तमच, पण माझ्या जुन्या गाडीला तेवढा खर्च म्हणजे म्हशीपेक्षा रेडकू मोठं.

म्हणून आधी आहे ते खोललं. ब्लॉकला तडा नव्हता, तिथेच निर्णय झाला. लेथवर बोअरिंग करून, म्हणजे सिलिंडर आतून कापून, 0.5 मिमी ओव्हरसाइज (मोठे) पिस्टन, क्रँक घासून त्याला बसणारी 0.25 मिमी अंडरसाइज बेअरिंगं, वाकलेलं हेड सपाट करायला फेसिंग. पाण्याचं तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप नवे टाकले, रेडिएटर उघडून साफ केला. नाहीतर केलेलं काम पुन्हा तापून गेलं असतं.

पहिले 1000 किमी अर्धाच माल भरला, मग ऑइल बदललं. आता अक्कलकोट रोडवरून चादरी भरून निघालो की नजर आधी टेंपरेचरच्या काट्यावर जाते.