अमेरिकेत पेटंट अर्ज? आधी परीक्षकाचे आकडे बघा

अमेरिकी पेटंट कार्यालयाकडून पहिली ऑफिस अ‍ॅक्शन (परीक्षकाचे आक्षेप किंवा नकार कळवणारं पत्र) आली की लगेच उत्तर लिहायला बसू नका. तिच्यावर परीक्षकाचं नाव आणि आर्ट युनिटचा (एका तंत्रविषयाचे अर्ज तपासणाऱ्या गटाचा) क्रमांक असतो. परीक्षकाचा मंजुरीचा दर त्याच युनिटच्या सरासरीशी ताडून बघा. कारण काही विषयांत दर सगळ्यांचाच कमी असतो: बिझनेस मेथडच्या (व्यवसाय करण्याच्या पद्धतीवरच्या) अर्जांना 2014च्या अ‍ॅलिस निकालापासून, म्हणजे संगणकावर राबवलेल्या नुसत्या अमूर्त कल्पनेला पेटंट नाकारणाऱ्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून, मंजुरी मुळातच अवघड झाली आहे. माझ्या मते सर्वांत कामाचा आकडा म्हणजे परीक्षकाशी अर्जाबद्दल थेट चर्चा, म्हणजे मुलाखत, झाल्यावर त्याच्याकडचे किती अर्ज मंजूर झाले. तो चांगला असेल तर सुधारित क्लेम्सचा (शोधाच्या नेमक्या कोणत्या भागावर हक्क मागताय ते सांगणाऱ्या कलमांचा) मसुदा आधी पाठवून मुलाखत मागा, तिला कार्यालय फी घेत नाही. उलट मुलाखतींनी फरक पडत नसेल आणि अपिलात त्याचे नकार वरचेवर फिरत असतील, तर अंतिम नकारानंतर आरसीईची (तपासणी पुढे चालू ठेवण्याच्या विनंतीची) वाढीव फी पुन्हा पुन्हा भरण्यापेक्षा अपिलात जा. परीक्षक नवा असेल तर टक्केवारी सोडा, पेटंट सेंटरवर (कार्यालयाच्या ऑनलाइन यंत्रणेवर) त्याच्या दोन-तीन फायली वाचा.