मुरुमं, लोकल आणि अंगठ्याजवळचा बिंदू

दादर-अंधेरी लोकलचा घाम, त्यावर तोंडाला घट्ट ओढणी. हनुवटीवर मुरुमांची रांगच लागली. मावशी म्हणाली, "अगं, अ‍ॅक्युप्रेशर करून बघ." मी शहाणी, सरळ मुरुमांवरच दाबलं. दोन दिवसांत ती लाल होऊन टरारली.

दाबायचं असतं ते चेहऱ्यापासून लांब: अंगठा आणि तर्जनीमधल्या मांसल भागावर, आणि कोपर दुमडल्यावर घडीच्या बाहेरच्या टोकाला. चिनी पद्धतीत पहिल्या बिंदूला हेगू म्हणतात. गाडीत बसायला मिळालं की प्रत्येकी १-२ मिनिटं, सोसेल इतकाच दाब. (गरोदर असाल तर हेगू नकोच.)

मुरुमं त्यानं गेली असं मात्र मी म्हणणार नाही. तेलग्रंथीचं तोंड बुजून आत जंतू वाढतात, ते हात दाबून कसं मोकळं होणार? फरक पडला तो त्वचेच्या डॉक्टरांनी दिलेल्या अ‍ॅडापलीन ०.१ टक्के जेलनं, तोही १० आठवड्यांनी. पण हात बिंदूवर गुंतल्यामुळे मुरुमं खुडायची माझी जुनी खोड सुटली, आणि नवे डाग पडायचे थांबले. मावशीला जेलचं अजून सांगितलेलं नाही.