दगडीवरचे औषध पूर्ण कसे द्यावे, आणि अर्धवट दिल्यास जिवाणूंत काय घडते

खानापूर तालुक्यातील आमच्या घरी काही वर्षांपूर्वी म्हशीच्या मागच्या डाव्या सडाला दगडी झाली, म्हणजे कासदाह झाला. डॉक्टरांनी सडात सोडायच्या ट्यूबा तीन दिवसांच्या दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धारेतल्या गाठी दिसेनाशा झाल्या, तेव्हा आई म्हणाली, "दूध साफ आलंय की, आता कशाला ट्यूब?" उरलेल्या ट्यूबा फळीवर राहिल्या आणि औषध उतरलेले दूध रेडकाला पाजले गेले. महिनाभरात तोच सड पुन्हा दगडासारखा झाला आणि या वेळी त्याच औषधाचा काही उपयोग झाला नाही. एका सडावरून कारण सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. परंतु खानापूरपासून निपाणी-चिकोडीपर्यंत गोठ्यागोठ्यात हेच घडताना दिसते, म्हणून औषध कसे द्यावे हे सांगताना त्यामागचे कारणही सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

जिवाणू दुभंगताना आपल्या डीएनएची नक्कल करतो. ई. कोलाय या जिवाणूच्या डीएनएत सुमारे ४६ लाख अक्षरे आहेत आणि निवांत स्थितीत तो इतक्या काटेकोरपणे नक्कल उतरवतो की, सुमारे हजार विभाजनांमागे एखादीच चूक राहते. हीच चूक म्हणजे उत्परिवर्तन. दगडी झालेल्या सडातील दुधाच्या एका मिलिलिटरमध्ये लाखो जिवाणू असू शकतात, त्यामुळे हजारात एक हे प्रमाणही तेथे लहान राहत नाही. जिवाणूवर ताण आला, म्हणजे उपासमार झाली, अतिनील किरण पडले किंवा मारण्यास न पुरणारे औषध लागले, तर चुकांचे हे प्रमाण आणखी वाढते.

ते कसे वाढते, हे एनरोफ्लॉक्सासिनच्या गटातील औषधांवरून चांगले समजते. ही औषधे जिवाणूच्या डीएनएचे तुकडे पाडतात. तुटलेल्या, एकेरी पडलेल्या धाग्यावर रेकए नावाचे प्रथिन माळेसारखे चढते, आणि त्याच्या सान्निध्यात लेक्सए हे दुसरे प्रथिन स्वतःचेच दोन तुकडे करून घेते. लेक्सए हे एरवी दुरुस्तीच्या जनुकांवर बसवलेले झाकण असते. ते निघाले की चाळीसच्या आसपास जनुके जागी होतात. आधी नीट दुरुस्ती करणारी विकरे कामाला लागतात. नुकसान तरीही उरले, तर शेवटी पाचव्या क्रमांकाचे डीएनए पॉलिमरेज पुढे येते, जे खराब झालेल्या अक्षरासमोर जमेल ते अक्षर बसवून नक्कल पुढे रेटते आणि उतरवलेले तपासून पाहत नाही. १९७० च्या दशकात एव्हलिन विटकिन आणि मिरोस्लाव्ह रादमान यांच्या कामातून या यंत्रणेचे चित्र स्पष्ट झाले आणि बुडत्या जहाजाच्या हाकेवरून तिला एसओएस हे नाव मिळाले. जिवाणूच्या भिंतीवर घाव घालणारी पेनिसिलिनच्या वर्गातील औषधेही ई. कोलायमध्ये हीच यंत्रणा जागी करू शकतात, असे २००४ मध्ये दिसून आले.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. जिवाणू औषध ओळखून त्यावरचा उतारा मुद्दाम घडवतो, असे नव्हे. लुरिया आणि डेलब्र्युक यांनी १९४३ मध्येच दाखवले होते की, प्रतिकार देणारी उत्परिवर्तने संकट येण्याच्या आधीपासून, आंधळेपणाने होत असतात. ताणामुळे वाढते ती चुकांची संख्या. बहुतेक चुका निरुपयोगी किंवा घातक ठरतात, एखादीच जिवाणूच्या कामी येते, आणि औषधाचा थोडासा अंश सडात टिकून असेल तर तेवढाच जिवाणू पुढे माजतो. म्हणून औषध द्यायचेच असेल तर जिवाणू मरेल इतके द्यावे आणि द्यायचे नसेल तर मुळीच देऊ नये; सर्वांत वाईट ती मधली अवस्था, जेथे जिवाणू जखमी होतो पण जगतो.

त्यामुळे पहिले काम म्हणजे औषधाची गरज आहे का, हे ठरवणे. प्रत्येक धारेपूर्वी चारही सडांच्या पहिल्या दोन-तीन चिरका काळ्या भांड्यात घेऊन पाहाव्यात. काळ्यावर गाठी आणि पाणीदारपणा चटकन दिसतो. दूध वरून चांगले दिसत असूनही संशय असेल, तर कपडे धुण्याच्या पावडरीचे तीन टक्क्यांचे द्रावण, म्हणजे १०० मिलिलिटर पाण्यात ३ ग्रॅम पावडर, करून ते व दूध समसमान घेऊन हलवावे. मिश्रण चिकट, लिबलिबीत झाले तर त्या सडात सूज आहे. मात्र ही चाचणी सूज दाखवते, कोणता जिवाणू आहे आणि कोणते औषध लागू पडेल ते दाखवत नाही. त्यासाठी नमुना औषधाच्या पहिल्या मात्रेच्या आधीच घ्यावा लागतो: सडाचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे, पहिल्या चिरका टाकून द्याव्यात, निर्जंतुक बाटलीत थोडे दूध घ्यावे आणि बाटली बर्फावर ठेवून पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत पोहोचवावी. गेल्या वेळची उरलेली ट्यूब या वेळी वापरणे हा तर शुद्ध अंधारातला नेम आहे.

मात्रा कमी पडण्याचे एक कारण कोणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे जनावराच्या वजनाचा अंदाज. सुईने द्यायच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि वजन बहुधा नजरेने सांगितले जाते. शिंप्याकडची टेप घेऊन पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून बैठकीच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजावी. घेराला घेराने गुणून, त्याला लांबीने गुणून, ६६० ने भागले की किलोमधील अंदाजे वजन मिळते. घेर ७८ इंच आणि लांबी ५६ इंच असलेली म्हैस सुमारे ५१६ किलोची भरते. तिला कोणी ४०० किलोची म्हटले, तर पहिल्याच सुईला औषध पाचव्या हिश्शाहून अधिक कमी गेले. मापे डॉक्टरांना सांगावीत, मात्रा आपण ठरवू नये.

ट्यूब सोडण्यापूर्वी तो सड पूर्ण रिकामा करावा, कारण साचलेल्या दुधात औषध पातळ होते. अनेक सडांना औषध द्यायचे असेल तर पुसताना पलीकडचे सड आधी घ्यावेत आणि ट्यूब सोडताना अलीकडचे, म्हणजे पुसलेल्या सडाला बाही लागत नाही. नळीचे टोक जेमतेम आत जाईल इतकेच घालावे. दोन मात्रांमधील तास पाळावेत. सकाळची ट्यूब विसरून संध्याकाळी देणे म्हणजे मधले कित्येक तास जिवाणूंना नेमका तो अपुरा ताण देणे होय. गाठी गेल्या म्हणजे जिवाणू गेले असे नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा कासेच्या पेशींतही दडून राहतो. म्हणून डॉक्टरांनी ठरवलेले दिवस आपल्या मनाने कमी करू नयेत. आपल्या मनाने वाढवूही नयेत, कारण विनाकारण लांबवलेले औषध शरीरातील इतर जिवाणूंवर तोच भार टाकते.

आता औषध उतरलेल्या दुधाबद्दल. उपचार चालू असताना आणि वेष्टनावर लिहिलेला दूध वर्ज्य करण्याचा काळ संपेपर्यंत ते डेअरीत घालू नये. अशा दुधाला विरजण नीट लागत नाही, हे आपल्याकडच्या बायकांना ठाऊक असते. विरजणातील जिवाणूंनाही ते औषध रोखते, हेच त्याचे कारण. उकळल्याने सगळे औषध नाहीसे होत नाही, त्यामुळे ते आटवून कुंदा करणे हाही उपाय नव्हे. मला सर्वांत अधिक खटकते ते रेडकाला पाजणे, कारण त्याच्या आतड्यातील असंख्य जिवाणूंना दिवसातून दोनदा अगदी अपुरी मात्रा मिळते, आणि त्यांतून निवडलेले जिवाणू शेणावाटे उकिरड्यावर व तेथून शेतात जातात. हे दूध गटारात, ओढ्यात किंवा मलप्रभेच्या पाण्याकडे जाईल असे ओतू नये. विहिरीपासून दूर खड्डा घेऊन त्यात घालावे.

आमच्या गोठ्यात आता उपचार चालू असलेल्या म्हशीच्या गळ्यात लाल दोरी असते, तिची चरवी वेगळी असते आणि दारामागच्या कॅलेंडरवर सड, औषध व वेळ आई स्वतः लिहिते. धार झाल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवून म्हशीपुढे लगेच वैरण टाकावी, म्हणजे सडाचे तोंड मिटेपर्यंत अर्धा तास तरी ती उभी राहते. उपचार संपल्यावर तीन आठवड्यांनी त्याच सडाचा नमुना पुन्हा तपासावा, आणि जिवाणू सापडलेच तर ते कॅलेंडरचे पान घेऊन डॉक्टरांकडे जावे.