पत्रिकेतला सिनेमा आणि पडद्यावरचा सिनेमा: गावच्या चित्रपट महोत्सवाचा इतिहास कसा लिहावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात एखादा वार्षिक चित्रपट महोत्सव तग धरून राहिला की कधी ना कधी स्मरणिकेची बैठक बसते. मागच्या वर्षांचा आढावा कुणाच्या तरी गळ्यात पडतो आणि तो माणूस जुन्या निमंत्रणपत्रिका समोर ठेवून लिहायला लागतो. घोळ तिथेच होतो. पत्रिका आठ-पंधरा दिवस आधी छापलेली असते. ती बेत सांगते. प्रिंटची पेटी पोचली नाही, पाहुणे आलेच नाहीत, ऐनवेळी दुसराच सिनेमा लावला, यातलं काही तिला ठाऊक नसतं.

म्हणून आधी तक्ता करा, लिहिणं मागाहून. एका महोत्सवाला एक ओळ. रकाने असे: कितवा, तारखा, ठिकाण, पत्रिकेतले चित्रपट, प्रत्यक्ष दाखवलेले चित्रपट, उद्घाटक, तिकीट किंवा प्रवेशिकेचा दर, पुरावा. पत्रिकेतले आणि दाखवलेले हे दोन रकाने एक करून टाकावेसे वाटतात, करू नका. पुरावा मिळेपर्यंत दुसरा रकाना कोराच राहू दे. अंदाजाने पेन्सिलीत लिहिलेलं नाव पुढचा माणूस शाईने गिरवतो.

‘कितवा’ हा रकाना दिसतो तितका सोपा नाही. महोत्सवाचा क्रमांक आणि वर्षांची संख्या एक नसते. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पहिल्यांदा जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भरला आणि दुसरा भरायला १९६१ उजाडलं. कोरोनामुळे ५१ वा जानेवारी २०२१ मध्ये गोव्यात झाला, ५२ वा त्याच साली नोव्हेंबरात. गावातही असंच होतं. पहिला महोत्सव २००१ चा असेल आणि एकही वर्ष चुकलं नसेल, तर पंचविसावा २०२५ मध्ये येतो. पंचवीस वर्षं मात्र २०२६ मध्ये पूर्ण होतात. चुकलेली वर्षं असतील तर त्यांनाही तक्त्यात ओळ द्या आणि समोर ‘झाला नाही’ लिहून कारण नोंदवा.

आता पुरावे. सर्वांत भक्कम कागद पैशाचा. थिएटरमध्ये तिकिटाचे खेळ झाले असतील तर डीसीआर, म्हणजे रोजच्या वसुलीचा तक्ता, त्यात खेळ आणि विकलेली तिकिटं असतात. त्याखालोखाल वितरकाचं भाड्याचं बिल, पेटीच्या रेल्वे किंवा एसटी पार्सलची पावती, मंडळाची जमाखर्चाची वही. फिल्म सोसायटीच्या धर्तीवर चाललेल्या महोत्सवाला तिकीट नसतं, सभासदपत्र असतं. तिथे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी झालेला पत्रव्यवहार आणि प्रिंट परत पाठवल्याचं चलन शोधा. पोलीस परवानगी, सभागृहाचं बुकिंग, २०१७ पर्यंतचे करमणूक कर माफीचे अर्ज हे सगळे उपयोगाचे, पण तेही आधीचेच कागद. पत्रिकेइतकाच त्यांच्यावर भरवसा.

वर्तमानपत्रात बातमी हुडकताना उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवसापासून समारोपाच्या तिसऱ्या दिवसापर्यंतचे सगळे अंक बघा. समारोपाची बातमी बऱ्याचदा जागेअभावी एक दिवस मागे पडते. आदल्या दिवशीची ‘उद्यापासून महोत्सव’ ही बातमी पत्रिकेवरूनच उतरवलेली असते, तिला दुसरा पुरावा समजू नका. ‘तरुण भारत’ आणि इतर दैनिकांचे स्थानिक पानांचे जुने गठ्ठे शहरातल्या वाचनालयांत विचारा. फोटो घेताना आधी पानाचा तारखेचा माथा, मग बातमी. नुसतं कात्रण टिपलं तर महिन्याभराने ते कोणत्या सालचं हे सांगता येत नाही.

सेल्युलॉइडच्या काळातला कार्यक्रम खरा की कागदावरचा, हे पडताळायला सेन्सॉर प्रमाणपत्रावरची लांबी फार कामाची. ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर धावते. ३,५०० मीटरचा सिनेमा साधारण १२८ मिनिटांचा. एका खेळाच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंत शंभरच मिनिटं ठेवलेली दिसली तर तो सिनेमा त्या वेळेत पूर्ण झालेला नाही: खेळ उशिरा सुटला, रिळं गाळली किंवा दुसरंच काही लावलं. २,००० फुटांचं एक रीळ २२ मिनिटांचं धरा. १६ मिमीचा हिशेब वेगळा, मिनिटाला ३६ फूट. तोच सिनेमा तिथे १,४०० मीटरच्या आसपास भरेल. आधी गेज, म्हणजे फिल्मची रुंदी बघा, मग भागाकार करा. डीसीपीच्या, म्हणजे थिएटरला येणाऱ्या कुलूपबंद डिजिटल प्रतीच्या काळात लांबीऐवजी ती प्रत उघडणारी डिजिटल चावी बघायची. ती ठरावीक मुदतीपुरतीच चालते. मुदत आणि खेळाची वेळ जुळत नसेल तर खेळ रद्द झाला असण्याची शक्यता धरून विचारपूस करा.

विचारपूस कार्यकर्त्यांपेक्षा आधी ऑपरेटर, तिकीट खिडकीवरचा माणूस आणि बॅनर रंगवणारा पेंटर यांच्याकडे करा. अध्यक्षांना भाषणं आठवतात, ऑपरेटरला कोणतं रीळ तुटलं ते आठवतं. साल थेट विचारू नका, खुणेने विचारा: नोटाबंदीच्या आधी की नंतर (नोव्हेंबर २०१६), सुवर्णसौधचं, म्हणजे बेळगावातल्या कर्नाटक विधिमंडळाच्या इमारतीचं उद्घाटन झालं होतं का (ऑक्टोबर २०१२). हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत पोलीस बंदोबस्तात आणि लॉज भरलेले, त्यामुळे डिसेंबरातला महोत्सव पुढे ढकलल्याच्या आठवणी पडताळायला अधिवेशनाच्या तारखा उपयोगी पडतात.

‘विधानसभेच्या निवडणुकीमुळे झाला नाही’ असं कुणी म्हणालं तर कुठल्या विधानसभेच्या, हे विचाराच. आचारसंहिता इथे कर्नाटकाच्या निवडणुकीची लागते: २००८, २०१३, २०१८, २०२३, चारही मे महिन्यातल्या. घरात बातम्या मात्र महाराष्ट्राच्या बघितलेल्या असतात, तिथल्या २००९, २०१४, २०१९ च्या निवडणुका ऑक्टोबरातल्या. सीमाभागातल्या आठवणीत ही दोन वेळापत्रकं हटकून एकमेकांत मिसळतात.

सरकारी कागद कन्नडमध्ये असतील. वाचता येणारा माणूस शेजारी बसवा आणि कन्नड आकडे त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. सहा आणि नऊ दिसायला इतके जवळचे की पुसट शिक्क्यात २००६ चं २००९ होऊन बसतं. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. कागदाचा उतारा देताना त्यावर जे नाव छापलंय तेच ठेवा. जुन्या पत्राला नवं नाव चिकटवलं तर पुढचा अभ्यासक तो कागदच बनावट ठरवेल.

कागद हाताळण्याचं काम नोव्हेंबर ते मार्च उरका. खानापूरकडच्या पावसात पेट्या उघडल्या की बुरशी धरते. मजकुराचे कागद ३०० डीपीआय, फोटो ६०० वर स्कॅन करा. जुने फॅक्स आणि एटीएमछाप पावत्या थर्मल कागदाच्या असतात, त्या सर्वांत आधी टिपा. अक्षरं उडत चाललेली असतात आणि लॅमिनेशनच्या उष्णतेने पान काळं पडतं. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, पानासकट टिपा. व्हीएचएस कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका: फीत खराब होतेच, मशीनचं हेडही जातं आणि तिथून बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. मिनी डीव्हीची तासाभराची कॅसेट उतरवली की साधारण १३ जीबी होते, डिस्क त्या हिशेबाने घ्या.

छपाईला देताना सोळा पानी फर्म्याचा विचार आधीच करा. डेमी आकारात पानाला अडीचशे-तीनशे शब्द बसतात. कथन दोन फर्म्यांत आटोपलं तर उत्तम, तिसरा पूर्ण तक्त्याला द्या; कमी करायची वेळ आली तर भाषणांचे उतारे कापा, तक्ता नको. वेगवेगळ्या कागदांनी वेगळं सांगितलं असेल तर दोन्ही छापा आणि कोणता का मानला ते एका ओळीत लिहा. चित्रपटांच्या नावांचं प्रूफ वेगळं वाचा, शक्यतो दोघांनी, एकाने मूळ कागद वाचायचा आणि दुसऱ्याने छापील ओळीवर बोट ठेवायचं. मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन लिप्यांतून फिरलेली परभाषी नावं इथेच सर्वांत जास्त बिघडलेली सापडतात.